अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन नंतर, आधी कान तपासून घ्या

ताई, मुलगा पाच वर्षांचा, रात्रभर आ वासून झोपतो, एक्स-रेत अ‍ॅडेनॉइडने, म्हणजे नाकाच्या मागे वाढलेल्या मांसल गादीने, श्वासाचा ८० टक्के रस्ता बंद, एक डॉक्टर म्हणतात काढा, दुसरे म्हणतात थांबा. तुमची पोस्ट वाचून आमचेच ते दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, फक्त यातून गेलेली आई आहे, त्या हिशोबानेच वाचा.

आमच्याकडे नवरा म्हणे काढून टाकू, सासूबाई म्हणत वयाबरोबर आपोआप जातं. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, सात-आठ वर्षांनंतर ते आक्रसत जातं खरं. पण त्या टक्क्यांवरून वाद घालण्यात आठ महिने गेले आणि कानांकडे कुणीच पाहिलं नाही. वहीत दोनदा शेरा आला, 'वर्गात लक्ष नसते'. मी लेकीलाच रागावले. पाठमोरी असताना हाक मारली की ओ नाही, समोर गेलं की लगेच उत्तर. टीव्हीचा आवाज रोज थोडा वर. सगळं डोळ्यांसमोर होत होतं आणि मी त्याला हट्टीपणा म्हणत होते! ज्या दवाखान्यात दर महिन्याला जायचो, तिथेही कानांची तपासणी कुणी सुचवली नाही.

शेवटी दुसऱ्या ईएनटींनी (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी) इम्पीडन्स टेस्ट, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची तपासणी, करायला लावली. कानात रबरी टोक धरतात, दोन-चार मिनिटांत होते, दुखत नाही. कागदावर डोंगरासारखी रेघ यायला हवी, हिची दोन्ही कानांची सपाट. अ‍ॅडेनॉइड वाढलं की कानाची नळी दबून कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं, तेच झालेलं. हे पाणी बऱ्याच मुलांचं तीनेक महिन्यांत आपसूक ओसरतं म्हणे, हिचं तसंच राहिलं. मग अ‍ॅडेनॉइड काढणं आणि ग्रोमेट, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी, एकाच भुलीत उरकलं.

डॉक्टरांनी दिलेल्या नाकाच्या स्प्रेचंही तसंच. कसा मारायचा ते कुणी दाखवलं नव्हतं. मी सरळ नाकाच्या मधल्या पडद्यावर मारायचे, रक्त यायचं, की चार दिवस बंद. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक बाहेर कानाच्या दिशेला. आणि रोज, काही आठवडे तरी. असा नीट वापरून न बघता 'स्प्रेने काही होत नाही' म्हणण्यात अर्थ नाही, हे माझं मत.

झोपेतला व्हिडिओ मात्र आजच काढा. श्वास मध्येच थांबून मूल दचकत असेल तर वाट बघू नका, तो व्हिडिओ घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

हो, आणि विमा! बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींत या ऑपरेशनला २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. आमची पॉलिसी तेव्हा घेऊन १९ महिनेच झाले होते, नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीने वाचवलं. तारीख घेण्याआधी कागद वाचा.

कानांचा रिपोर्ट आला की इथेच टाका. ग्रोमेट सांगितलं तर अंघोळ-पोहण्याचं काय ते मग सांगते.