मुस्लिम माणूस आपली मालमत्ता वक्फ का करतो?

वक्फ म्हणजे मालमत्ता धर्मादाय कामासाठी कायमची देऊन टाकणं. त्यामागची मुख्य प्रेरणा 'सदका-ए-जारिया'ची, म्हणजे मेल्यावरही पुण्य देत राहणाऱ्या दानाची. हदीस (पैगंबरांचं वचन) सांगते, माणूस गेला की त्याची कर्मं थांबतात, तीन सोडून: चालू राहणारं दान, इतरांच्या कामी येणारं ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारं नेक अपत्य. वक्फची मूळ मालमत्ता विकायची नसते, उत्पन्न तेवढं वापरायचं. म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या पुरतं.

आई-वडिलांची आठवण हेही मोठं कारण. मुंबईत डोंगरीला आमच्या मशिदीबाहेर पाण्याचा कूलर आहे. (काटेकोर अर्थाने वक्फ नसेल, भावना तीच.) पाटीवर 'वालिदा के ईसाल-ए-सवाब के लिए' (आईला पुण्य पोचावं म्हणून) एवढंच, देणाऱ्याचं नाव नाही. मे महिन्यात हातगाडीवाले, हमाल, शाळेची पोरं, सगळे तिथंच बाटल्या भरतात. धर्म कुणी विचारत नाही.