नोटीस पाठवलीत, पण आर्बिट्रेशन मागितलंच नाहीत

माल देऊन पैसे अडकलेत, समोरचा बोलण्यात झुलवतोय, आता आर्बिट्रेशनला (कोर्टाऐवजी लवादाकडून वाद सोडवून घ्यायला) जाऊ का, असं विचारणारे खूप जण असतात आणि तुमचंही तेच आहे, म्हणून आर्बिट्रेशन बरं की कोर्ट हे मी सोडून देतो. तुम्ही जोडलेली लीगल नोटीस मी दोनदा वाचली. 'पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर कायदेशीर कारवाई करू' एवढंच आहे त्यात. हा वाद आर्बिट्रेशनकडे सोपवायचाय असं एकही वाक्य नाही, आणि तुमचं सगळं त्याच वाक्यावर अडलंय.

आर्बिट्रेशनच्या 1996 च्या कायद्याचं कलम 21 बघा. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर आर्बिट्रेशन सुरू होतं ते ही मागणी समोरच्याला मिळते त्या दिवशी, तुम्ही पाठवता त्या दिवशी नाही. तोपर्यंत दावा करायची तीन वर्षांची मुदत चालूच राहते. तुमच्या पहिल्या बिलाचे क्रेडिटचे 45 दिवस संपून दोन वर्षं दहा महिने झालेत आणि तुम्ही अजून 'त्यांच्याशी बोलणी चालू आहेत' म्हणताय! बोलण्यांनी मुदत थांबत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. इतके महिने हातात असताना करार उघडून आर्बिट्रेशनचा क्लॉज कुणीच वाचला नाही याचा मला खरंच राग येतो, कारण आता प्रत्येक बिलाची तारीख वेगळी मोजायची आहे आणि सगळ्यात जुनं बिल सगळ्यात आधी मुदतीबाहेर जाणार.

त्यांचा 'बॅलन्स क्लिअर करतो, थोडा वेळ द्या' हा ई-मेल मुदतीच्या आतला असेल तर लिमिटेशन अ‍ॅक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) कलम 18 खाली, देण्याची लेखी कबुली म्हणून, कदाचित उपयोगी पडेल, पण त्यावर विसंबून राहू नका. व्हॉट्सअ‍ॅपचं तर मी धरतच नाही.

आर्बिट्रेटर (वाद ठरवणारा लवाद) त्यांचा एमडी एकटाच नेमणार असं क्लॉजमध्ये आहे, ते चालणार नाही, सुप्रीम कोर्टाच्या पर्किन्स ईस्टमन केसमध्ये 2019 लाच ते ठरलंय. तुम्ही नोटिशीत स्वतः एक नाव सुचवा आणि संमती मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच 1996 च्या कायद्याच्या कलम 11 खाली, आर्बिट्रेटर नेमून द्या म्हणून, हायकोर्टात अर्ज करायचा. तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही, पण लिमिटेशनपुरतं तुमचं काम नोटीस पोचली तेव्हाच झालेलं असतं. कंपनी परदेशी असती तर हाच अर्ज सुप्रीम कोर्टात गेला असता, आणि करारात सीट (आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण) भारताबाहेरची असेल तर मात्र आधी मला अख्खा करार पाठवा, मग बोलू.

नोटीस या आठवड्यातच काढा. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, ऑफिस हललं असेल तर नव्या पत्त्यावरही, शिवाय ई-मेलने. आणि डिलिव्हर झाल्याचा ट्रॅकिंगचा प्रिंट त्याच दिवशी काढून फाइलला लावा, पोस्टाच्या साइटवर तो कायमचा राहत नाही.