कॉम्प्रेसरला ऊन लागायच्या आधी

प्रश्न : भाऊ, माझं नागपूरजवळ वाडीला टायर आणि सर्व्हिसिंगचं दुकान आहे, वर टिनाचं शेड. पाच एचपीचा टू-स्टेज पिस्टन कॉम्प्रेसर आहे. मागच्या मे महिन्यात रोज दुपारी दोन-अडीचला मोटर ट्रिप व्हायची, गिऱ्हाईक उन्हात ताटकळत. एका मेकॅनिकने रिलेचं (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) सेटिंग वाढवून दिलं, दुसरा म्हणतो कॉम्प्रेसरसमोर कूलर लाव. आता मार्च लागला, काय करून ठेवू? – एक वाचक, वाडी

उत्तर : भाऊ, आधी तो रिले मोटरच्या प्लेटवर जेवढे अँपिअर लिहिले आहेत तेवढ्यावर परत आणा, आजच. मोटर तापतेय म्हणून रिले पाडतोय, त्याचं तोंड बंद केलं तर वाइंडिंग जळेल आणि रिवाइंडिंगचा खर्च ऐन मे मध्ये येईल. दुपारी व्होल्टेज पडतं का तेही मीटर लावून बघा, कारण व्होल्टेज कमी झालं की मोटर जास्त करंट ओढते आणि अजून तापते.

आता खरं कारण. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की कॉम्प्रेसर स्वतःचीच गरम हवा परत परत ओढतोय. नागपुरात मे मध्ये सावलीत ४५ अंश होतात, टिनाखाली कोपऱ्यात त्याहून जास्त, आणि बहुतेक दुकानांत कॉम्प्रेसर जागा वाचवायला भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो, वर टायरांचा ढीग. फ्लायव्हीलचे, म्हणजे पट्ट्याने फिरणाऱ्या मोठ्या चाकाचे, आरे म्हणजेच त्याचा पंखा, त्या बाजूला भिंतीपासून दीड फूट तरी जागा मोकळी पाहिजे. शेडच्या वरच्या अंगाला, जिथे गरम हवा साचते तिथे, एक एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूला खाली हवा यायला जाळी, एवढं केलं तरी फरक दिसेल. जमलं तर सक्शनचा, म्हणजे हवा आत ओढणारा, पाइप उत्तरेच्या सावलीत बाहेर काढा, फिल्टर बाहेरच्या टोकाला आणि पाइप मूळ तोंडापेक्षा मोठा. आत जाणारी हवा ४ अंशांनी थंड झाली की वीज साधारण १ टक्का वाचते.

अजून एक, हे फार कमी लोक बघतात. मोटर रिवाइंड करून आणली किंवा वायरमनने लाइन बदलली की थ्री-फेज मोटर उलटी फिरू शकते. हवा तरीही भरते म्हणून कोणाला कळत नाही, पण फ्लायव्हीलचा वारा हेडवर (सिलिंडरच्या वरच्या झाकणावर) यायच्या ऐवजी उलटीकडे जातो आणि हेड भाजून निघतं. फ्लायव्हीलवर किंवा गार्डवर बाण असतो, चालू करून बघून घ्या, उलटी असली तर वायरमनकडून दोन फेज बदलून घ्या.

कूलरचं म्हणाल तर माझं मत नाही असंच आहे. आपल्याकडची मे ची हवा कोरडी असते ही कॉम्प्रेसरच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे, कूलरने तुम्ही तीच ओली करून आत पाठवणार, ते पाणी टाकीत साचणार आणि टाकी आतून गंजणार. आणि तापलेल्या हेडवर बादलीभर पाणी मारणारे मी पाहिलेत, कृपा करून कोणी करू नका, बीड (ओतीव लोखंड) एकदम थंड झालं की तडकतं. थंडावा द्यायचाच असेल तर टिनावर ओलं बारदान टाका.

उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडतो, तो रस्त्याच्या धुळीसोबत हेडच्या आणि इंटरकूलरच्या (दोन स्टेजच्या मधे हवा थंड करणारी नळी) फिन्समध्ये, म्हणजे पातळ पात्यांमध्ये, जाऊन बसतो, वर तेलाचा ओलावा, मग नमदाच तयार होतो. मशीन बंद करून ब्रशने काढा, मग हवा मारा. फिल्टर बदला. ऑइल कॉम्प्रेसरचंच टाका, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, बरेच कारखाने पिस्टनला १०० आणि जास्त गरम जागेत १५० सांगतात. गाडीचं उरलेलं इंजिन ऑइल टाकायची सवय असेल तर सोडा, त्याने डिलिव्हरी व्हॉल्व्हवर (दाबलेली हवा बाहेर सोडणारा) कार्बन धरतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, तीच गरम हवा मागे येऊन पुन्हा दाबली जाते आणि हेड तापतच जातं.

गळती पण बघा. रात्री दुकान बंद करताना सगळे कॉक, जॉइंट, गनचे कपलिंग यांना साबणाचं पाणी लावा. ७ बार दाबाला १ मिलिमीटरचं भोक मिनिटाला साधारण ७० लिटर हवा सोडतं, म्हणजे गिऱ्हाईक नसताना पण मशीन उगाच चालतं आणि त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. टायरला लागतं त्यापेक्षा जास्त प्रेशर ठेवत असाल तर प्रेशर स्विचचं सेटिंग खाली घ्या, एक बार कमी केला की ६-७ टक्के वीज कमी लागते.

आणि हे सगळं झालं की सकाळी टाकी पूर्ण रिकामी करून ड्रेन कॉक बंद करा, शून्यापासून कट-ऑफपर्यंत, म्हणजे मशीन आपोआप बंद होईपर्यंत, किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. एप्रिलच्या शेवटी परत मोजा, तीनची चार मिनिटं झाली असतील तर व्हॉल्व्ह नाहीतर पिस्टनची रिंग गेलीय, नवतपा लागायची वाट न बघता हेड खोलून घ्या.