नवीन पुस्तक येऊन महिना झाला तरी मिळत नाही, युनिव्हर्सिटी लायब्ररीत कॅटलॉगिंगला एवढा वेळ का लागतो?

तुम्ही एम.ए. मराठीला आहात, सरांनी सुचवलेलं पुस्तक लायब्ररीत आलंय हे तुम्हाला पक्कं माहितीय, पण महिना झाला तरी काउंटरवर "प्रोसेसिंगला आहे" एवढंच ऐकायला मिळतंय आणि तुमचं म्हणणं की नेटवर सगळी माहिती आयती असताना ती टायपायला असा कितीसा वेळ लागतो. रास्त प्रश्न आहे. मी चौदा वर्षं एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात याच टेबलावर बसते, तेव्हा तुमच्यासारख्यांच्या निम्म्या शिव्या माझ्याच खात्यावर जमा आहेत.

आधी एक कबूल करते, त्या महिन्यातले बरेचसे दिवस कॅटलॉगिंगचे, म्हणजे पुस्तकाची यादीत नोंद करण्याचे, नसतातच. बजेट मार्चअखेर संपवायचं असतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रेते टेम्पोने गठ्ठे आणून टाकतात, मग प्रत्येक पुस्तक बिलाशी ताडायचं, डबल आलंय का बघायचं, पानं उलटी बांधलेलं परत करायचं, ॲक्सेशन नंबर (लायब्ररीच्या दाखल-रजिस्टरातला क्रमांक) द्यायचा, तोच नंबर बिलावर लिहायचा, शिक्के मारायचे (एक शिक्का आतल्या ठरलेल्या पानावर असतो, कुठल्या ते नाही सांगणार) आणि बिल अकाउंट्सला गेलं की मग पुस्तक पुढे सरकतं. बिलाचं काम आधी होतं कारण विक्रेता पैशासाठी रोज फोन करतो आणि वाचक एकदा विचारून निघून जातो. वाईट आहे, पण आहे असं.

मग पुस्तक माझ्याकडे. इंग्रजी असेल तर खरंच दोन-चार मिनिटं. आमच्याकडे कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक) टाकला की झेड३९.५० ने, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतली नोंद मागवायच्या ठरलेल्या पद्धतीने, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं तयार रेकॉर्ड ओढता येतं, आपला कॉल नंबर (रॅकवरची जागा सांगणारा) नि बारकोड टाकला की झालं. मराठीला ही चैन नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीला ऑफिस आहे, ते मराठी पुस्तकंही घेतात, पण रेकॉर्ड बरेचदा रोमन लिपीत, अक्षरांच्या वर-खाली टिंबं आणि रेघा, आणि शिरवाडकर म्हणताना आपण जे 'अ' गिळतो ते सगळे तिथे इमानेइतबारे लिहिलेले. नुसतं तेच रेकॉर्ड घेतलं तर तुम्ही देवनागरीत शोधाल आणि जन्मात सापडणार नाही. विक्रीच्या साइटवरची माहिती म्हणाल तर तिथे अनुवादक लेखक झालेला असतो आणि तिसरी आवृत्ती पहिली. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नसतो, साल शके १८३५ असं दिलेलं, त्यात ७८ मिळवून १९१३ लिहायचं, आणि टायटल पेजच फाटलेलं असेल तर दात्यांची मराठी ग्रंथसूची काढून बसायचं (१८०० ते १९३७ मधली मराठी पुस्तकं त्यात नोंदलेली आहेत). म्हणजे मराठी रेकॉर्ड पुस्तक समोर ठेवून, हाताने.

पण टायपिंग हा त्यातला सोपा भाग. वेळ खातं ते नाव.

आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर हा एकच माणूस हे तुम्हाला माहितीय, कॉम्प्युटरला नाही. कविता एका नावाने, कादंबऱ्या-नाटकं दुसऱ्या. नियम असा की लेखक दोन नावांनी दोन प्रकारचं लिहीत असेल तर दोन्ही नावं स्वतंत्र ठेवा आणि मध्ये 'हेही पहा' जोडा. कुसुमाग्रज-शिरवाडकरांचंही तेच. मी आले तेव्हा आमच्या डेटात खानोलकर पाच प्रकारे होते, चिं. त्र्यं., चि. त्र्यं., सी. टी., पूर्ण नावाने आणि एका ठिकाणी नुसतेच खानोलकर, म्हणजे एका माणसाची पाच माणसं आणि कुणालाच आपली सगळी पुस्तकं माहीत नाहीत. ते सगळं एका ऑथॉरिटी रेकॉर्डखाली, म्हणजे नावाच्या एकाच पक्क्या नोंदीखाली, आणायला मला सबंध दुपार लागली. आणि कवी 'बी' (नारायण मुरलीधर गुप्ते)! सर्चमध्ये बी टाका, बी.ए. आणि बी.एड.ची सगळी गाइडं समोर येतात.

त्यात शुद्धलेखन. १९६२ चे नियम येण्याआधीच्या पुस्तकांवर 'कवि' असतो, अनुस्वारांचा पाऊस असतो, आणि टायटल जसं छापलंय तसंच उतरवायचं हा नियम, त्यामुळे रेकॉर्डच्या २४५ नंबरच्या रकान्यात जुनं रूप आणि २४६ मध्ये आजचं रूप असं दोनदा टाकायचं. हे टाकलं नाही तर आज 'कवी' शोधणाऱ्याला पुस्तक आहे हेच कळत नाही.

सगळ्यात हैराण मला एका अक्षराने केलं. तत्त्वज्ञानाचा एक मुलगा आला, म्हणाला मॅडम ॲरिस्टॉटलवर मराठीत दोनच पुस्तकं दाखवतंय. मी स्वतः रॅकवर जास्त पाहिलेली. माझ्या मशीनवर शोधलं तर चार आली, पण वेगळीच चार! बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन अक्षरं जोडून, आणि एक म्हणजे सबंध एकच अक्षर, जे युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत) २००८ ला आलं. स्क्रीनवर बघाल तर जुळी भावंडं, मशीनला मात्र एकमेकांची ओळखपाळख नाही. माझा कीबोर्ड एक टाइप करायचा, माझ्या सहकाऱ्याचा दुसरा. 'दऱ्या'मधल्या त्या ऱ्यचंही हेच रडगाणं. तेव्हापासून टेबलाला एक कागद चिकटवलाय, कुठलं अक्षर कसं टाइप करायचं त्याचा, आणि नवीन ट्रेनी आला की आधी तो कागद, मग मार्क २१ (ते २४५, २४६ रकाने ज्यात ठरलेत तो नोंदीचा साचा) वगैरे.

क्लासिफिकेशनचं थोडक्यात सांगते. ड्यूईत (विषयाप्रमाणे पुस्तकांना नंबर द्यायची पद्धत) मराठी साहित्य ८९१.४६, कादंबरी ८९१.४६३. पण बंगालीतून मराठीत आलेली कादंबरी ड्यूईप्रमाणे ८९१.४४३ ला, बंगाली साहित्यात जाते, कारण मूळ भाषा धरायची. तुम्ही मराठीच्या रॅकवर शोधत राहता. दलित आत्मकथनं साहित्यात ठेवायची, चरित्रात ठेवायची की समाजशास्त्रात ३०५.५६८८ ला, यावर आमच्याकडे मीटिंगमध्ये आवाज चढलेले मी ऐकलेत. मी साहित्यात ठेवते आणि विषय म्हणून दुसरी नोंद देते, कारण मराठीची मुलं तिथेच जातात आणि समाजशास्त्रवाले ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधतात. तिकडचे सर अजून माझ्यावर नाराज आहेत, असू देत.

आता तुमच्या मूळ दुखण्यावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही पद्धत बदलली. आधी प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण केल्याशिवाय पुस्तक बाहेर जायचं नाही, विषय शीर्षकं, मालिका, पानं, सेंटिमीटर, सगळं. आता नाव, टायटल, आवृत्ती, प्रकाशक, साल, कॉल नंबर आणि बारकोड एवढं झालं की पुस्तक रॅकवर, बाकीचं नंतर शुक्रवारी दुपारी. आमच्या आधीच्या ग्रंथपाल सरांचा याला कडक विरोध होता, ते म्हणायचे नंतर नावाचा दिवस लायब्ररीत येत नाही, आणि निम्मं खरं निघालं, शुक्रवारच्या यादीत आज काही शे पुस्तकं पडून आहेत. तरी मी याच बाजूची आहे. पानं किती हे उद्या भरता येतं. पण नाव मात्र पहिल्याच दिवशी बरोबर जायला हवं, कारण चुकीच्या नावावर दुसरा माणूस तेच नाव कॉपी करून तिसरं पुस्तक चढवतो आणि मग परत खानोलकर पाच होतात.

तुमच्या लायब्ररीत जुनी पद्धत असणार असं वाटतंय. काउंटरवर "पुस्तक आलं का" असं विचारू नका, "ॲक्सेशन झालंय का" असं विचारा. झालं नसेल तर ते बिलात अडकलंय आणि कुणीच काही करू शकत नाही. झालं असेल तर ते माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर आहे, तेव्हा प्रोसेसिंग सेक्शनमध्ये जाऊन टायटल आणि लेखक चिठ्ठीवर लिहून द्या आणि सरांनी अभ्यासक्रमाला लावलंय असं सांगा. कोहा असेल तर त्यात फास्ट ॲड म्हणून सोय असते, पाच मिनिटांत तुमच्या नावावर इश्यू करून देता येतं. फक्त दुपारी एक ते दोन जाऊ नका, डबे उघडलेले असतात.