ताई, सही करू का?

प्रश्न : वय ४९, नोकरी चालू आहे, कांदिवलीला राहते. बाबांनी १९८६ ला मुलुंडला स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या एकट्याच्या नावावर वन रूम किचन घेतलं. बाबा २०१९ ला गेले, मृत्युपत्र नाही. आई, भाऊ, वहिनी तिथेच राहतात. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये तर भाऊ म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर, आईपण करतेय. सोसायटीत नॉमिनी तोच आहे, वर म्हणतो मुलींचा कायदा २००५ चा आणि तुझं लग्न २००१ चं. आई म्हणते सही कर गं, माहेर तुटेल. काय करू?

उत्तर : आधी भावाचा गैरसमज (की हुशारी?) बाजूला करूया. मुलींना मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसाठी, आणि आपल्या महाराष्ट्रात तर ती १९९४ लाच आली होती. पण तुमचं घर बाबांच्या कमाईचं, तिथे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांना सारखा वाटा आहे, लग्न झालंय की नाही याचा संबंधच नाही. म्हणजे तुम्ही, आई आणि भाऊ, प्रत्येकी एक तृतीयांश. एक मेख होती, कुटुंब राहतं त्या घराची वाटणी मुलीला मागता यायची नाही जोवर भाऊ वाटणी करत नाहीत, ती २००५ ला निघाली. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो, तो फक्त सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा यासाठी असतो.

आता खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला तुमच्यापेक्षा आईची सही जास्त खटकली. तुम्ही नोकरी करताय, छप्पर आहे, वाटा सोडलात तरी जेवायला मिळेल. आईचं काय? तिने सही केली की जिथे चाळीस वर्षं संसार केला तिथेच ती उद्या मुलाकडे राहायला आलेली होणार, आणि नव्या टॉवरच्या कागदावर तिचं नावच नसणार. उद्या भावाने फ्लॅट विकायचा ठरवला तर तिला विचारायचीही गरज नाही! आपल्याकडे बायका आयुष्यभर घराला माझं घर म्हणतात, आणि सही करायची वेळ आली की कागद वाचतसुद्धा नाहीत.

वाटा सोडणं गुन्हा नाही, भावाची परिस्थिती खरंच ओढगस्तीची असेल तर खुशाल सोडा, मी कोण अडवणार. पण हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालं की नंतर मन बदललं म्हणून फिरवता येत नाही, त्यामुळे मसुदा आधी घरी आणा, स्वतःच्या वकिलाला दाखवा, भावाने आणलेल्या नको. आणि भावाला एवढंच म्हणा, नव्या फ्लॅटच्या करारात आईचं नाव मालक म्हणून येऊ दे, मग माझ्या सहीचं बोलू. यावर तो काय म्हणतो ते बघा. वर्षाला एक भाऊबीज आणि एक साडी एवढ्याच माहेरासाठी सही करायची असेल तर ते माहेर जरा महागात पडतंय ना?

प्रश्न : मुलगी ऑगस्ट २०२४ ची. सासरे म्हणतात नावात आईचं नाव घालायची नवी फॅशन कशाला?

उत्तर : फॅशन नाही, सरकारी निर्णय आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम ठरलाय. सासऱ्यांना चहा देताना सांगा, किंवा चहा त्यांच्या मुलाला करायला सांगा आणि तुम्ही फॉर्म भरा.