मध्यावधी, मिडटर्म आणि डावा-उजवा कौल

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या मिडटर्म इलेक्शनला मराठीत 'मध्यावधी निवडणूक' म्हणणं बरोबर आहे का, कारण बातम्यांत सर्रास तसंच येतं, "मध्यावधीत डेमोक्रॅट्सना कौल" वगैरे.

नाही. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे मुदत संपायच्या आधी सभागृह बरखास्त करून घेतलेली निवडणूक, १९७१ ला इंदिरा गांधींनी वर्षभर आधी घेतली तशी. मराठी माणूस मध्यावधी ऐकला की आधी विचारतो, सरकार पडलं का? अमेरिकेत काही पडत नाही, तिथली तारीख ठरलेली असते, यावेळची ३ नोव्हेंबर २०२६. हाउसची, म्हणजे त्यांच्या संसदेच्या खालच्या सभागृहाची, तर मुदतच दोन वर्षांची, त्यामुळे तिथल्या ४३५ जागांसाठी ती चक्क पूर्णावधी निवडणूक असते, वरच्या सभागृहाच्या, सिनेटच्या, साधारण एक तृतीयांश जागा असतात, मध्यावर असतो तो फक्त राष्ट्राध्यक्ष आणि नेमका तोच मतपत्रिकेवर नसतो. मिडटर्मच लिहा, कुणाचं काही अडत नाही.

पण मला खरा संताप येतो तो त्याच वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाचा. कौल. कुणीतरी हजारभर लोकांना फोन करतं, डेमोक्रॅट्स ३ टक्क्यांनी पुढे असं काहीतरी निघतं, आणि इकडे हेडिंग येतं "अमेरिकेचा कौल डेमोक्रॅट्सना". अहो ती चाचणी आहे! जनमत चाचणी हा सरळ शब्द आहे आपल्याकडे, तो वापरायला काय होतं? इंग्रजी 'पोल'चा जुना अर्थ डोकं, म्हणजे ती मुळात शिरगणती, आणि ही तर निवडक शिरांची गणती. त्यातही ती शिरं कोणाची घ्यायची, नोंदणी केलेल्या सगळ्या मतदारांची की खरोखर मत द्यायला जातील अशांची, यावर तिथे दोन्ही पक्षांची दर वेळी भांडणं.

कौल शब्द अरबी, 'क़ौल' म्हणजे बोललेला शब्द, वचन. कव्वालीही त्याच घरातली. कबूल मात्र नाही, त्याचा धातू वेगळा, तेव्हा दोन्हीची मोट बांधू नका. मराठेशाहीच्या कागदांत कौल जागोजागी भेटतो, गाव ओसाड पडलं, रयत परागंदा झाली, की सरकार कौल द्यायचं, परत या, जमीन कसा, पहिली वर्षं सारा कमी घेऊ, तुम्हाला उपद्रव होणार नाही. त्याचा कागद तो कौलनामा. म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं दिलेला, दिल्यावर त्याला बांधून ठेवणारा शब्द.

आता कोकणात या. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा भिजवलेले तांदूळ लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवीकडचं पडलं की उजवा कौल, काम होणार, डावीकडचं पडलं की डावा. गोव्यात प्रसादपाकळी म्हणतात. संस्कृतप्रेमी मंडळी हा कौल 'कुल'वरून आणि शाक्तांच्या, म्हणजे देवीउपासकांच्या, कौलमार्गावरून काढतात, मोठमोठी नावं सांगतात, पण मग सारावसुलीच्या कागदात तो कुठून आला याचं उत्तर एकाकडेही नाही! माझं म्हणणं साधं आहे (आणि मी ते सोडणार नाही). कोकणातला ग्रामदेव हा गावचा राजाच असतो, त्याला पालखी, त्याला मानकरी, त्याच्या हद्दी, त्याच्यासमोर फिर्याद मांडायची ती गाऱ्हाणं. मग सरकारकडे जसा कौल मागायचा तसाच देवाकडे मागायचा. दफ्तरातला शब्द गाभाऱ्यात गेला, उलटा नाही. देवानं पाकळी टाकली म्हणजे भविष्य सांगितलं नाही, शब्द दिला.

म्हणूनच गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला झालेल्या ओपिनियन पोलला जनमत कौल म्हणतात ते अगदी योग्य. नाव ओपिनियन पोल असलं तरी ते खरंखुरं मतदान होतं, महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं, आणि ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. निकाल लागला, विषय संपला. (महाराष्ट्रात काहींचा अजून संपलेला नाही, असो.)

याउलट अमेरिकेतलं २०२२ बघा. रिपब्लिकन मंडळी 'रेड वेव्ह' येणार म्हणून नाचत होती (लाल हा त्यांच्या पक्षाचा रंग, पण याचं 'लाल लाट' कुणी करू नका, आपल्याकडे लाल म्हटलं की लाल बावटा आठवतो), डेमोक्रॅट्स म्हणत होते की रिपब्लिकनांकडे झुकलेल्या संस्था मुद्दाम चाचण्यांचा पूर आणून सरासरी फुगवतायत, त्यावर समोरून उत्तर की तुमच्या चाचण्यांनी २०१६ आणि २०२० ला ट्रम्पची मतं कमी दाखवली त्याचं काय. शेवटी हाउसमध्ये रिपब्लिकन २२२, डेमोक्रॅट २१३, आणि सिनेट डेमोक्रॅट्सकडेच राहिलं. पेनसिल्व्हेनियातल्या सिनेटच्या जागेसाठी शेवटी शेवटी काही चाचण्या रिपब्लिकन ओझना पुढे दाखवत होत्या तिथे डेमोक्रॅट फेटरमन ५ टक्क्यांच्या आसपास जिंकले. गंमत म्हणजे देशभरची हाउसची मतं एकत्र केली तर रिपब्लिकनांना ३ टक्क्यांच्या आत-बाहेर आघाडी होती, म्हणजे देशपातळीवरच्या चाचण्यांची सरासरी फारशी चुकलीच नव्हती. लाट चाचण्यांत नव्हती, ती वाचणाऱ्यांच्या डोक्यात होती.

दोन्हीकडचे समर्थक करतात काय, तर पाकळी आपल्या बाजूनं पडली नाही की गाऱ्हाणं बदलून पुन्हा लावायची, त्यातूनही नाही पडली तर गुरवच विकला गेलाय म्हणायचं. अशा पाकळ्यांना कौल म्हणायला आमच्या गावात कुणी तयार होणार नाही. कौल ३ नोव्हेंबरला. तोवर चाचणी, कल, अंदाज, हवं ते लिहा.

आणि छपराचं कौल यात आणू नका. ते नपुंसकलिंगी, ते कौल. देवाचा आणि जनतेचा तो कौल. "जनतेचं कौल मिळालं" असं परवा एका निवेदकानं म्हटलेलं मी स्वतःच्या कानानं ऐकलंय.