हालुमी वितळत का नाही?

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. सायप्रसच्या लिमासोल बंदरातून त्याने हालुमी चीज आणलं. तव्यावर टाकलं तर वितळतच नाही, शिवाय खारट फार. खराब तर झालं नसेल?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, काळजी नको. न वितळणं हाच हालुमीचा गुण. शेळी-मेंढीचं दूध (हल्ली गाईचंही घालतात) रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) घट्ट करून, दाबून त्याच्या वड्या पाडतात आणि त्याच दुधाच्या निवळीत पुन्हा शिजवतात. या दुसऱ्या शिजण्यामुळे ते तव्यावर आकार सोडत नाही. मग मीठ, सुका पुदिना लावून घडी घालतात. तुमच्या तुकड्याच्या मधोमध ती घडी दिसेल, पुदिन्याचे हिरवे कणही. 2021 पासून युरोपीय संघात हे नाव फक्त सायप्रसच्याच चीजला लावता येतं.

खारट वाटतं तर काप करून अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा. फडक्याने नीट टिपा, ओलं राहिलं की रंग येत नाही. बिडाच्या तव्यावर, बिनतेलाचं, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा आणि गरम असतानाच खा. गार झालं की चिवट होतं. तुमच्याकडे कोणी शाकाहारी असेल तर वेष्टनावर रेनेट कोणतं ते आधी वाचा, ते प्राणिजही असू शकतं.

सायप्रसमध्ये उन्हाळ्यात हालुमी कलिंगडाबरोबर खातात. आपल्या गोव्यातल्या पर्रा गावचं कलिंगड मिळालं तर अवश्य करून बघा. सोबत तिथे जिवानिया घेतात, द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली कडक दारू, थंडगार. आपल्याकडे हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, चालेल, माझी तरी तीच पसंती.